रोजचा हिरवा घास

गेल्या वर्षीच्या आषाढातील गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता. रात्रीची जपमाळ नुकतीच आटोपली होती आणि आमची नात ओसरीवरील खोक्यापाशी वाकून उभी होती. खोक्यात गिनीपिगांची जोडी होती. त्यांतील तांबूस रंगाचा नर अंगावरचे केस पिंजारून कोपऱ्यात बसला होता आणि त्याची कूस भात्यासारखी भराभर हलत होती. पहाटे पाहतो तो त्याचे अंग थंड पडलेले. चिंचेच्या झाडाखाली त्याला पुरून परत आल्यावर नातीने आम्हांस विचारले, "आजोबा, आपण त्याला रोज पोटभर खायला घालत होतो ना? मग तो का मेला?"

"थंडी बाधली, बाळ," असे उत्तर आम्ही दिले. ते खोटे नव्हते. परंतु ते अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर आम्हांला चार दिवसांनी कळले, आणि ते कळल्यावर आमची मान खाली गेली. आज ही हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे कारण इतकेच की, ज्या अज्ञानाची किंमत एका मुक्या जिवाने दिली, त्याचा निदान दुसऱ्या कोणाला तरी उपयोग व्हावा.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेस, घाटाच्या तोंडाशी. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या मुलाने शहरातून ही जोडी आणली. गिनीपिग हा सशाहून लहान, बिनशेपटीचा, अत्यंत गरीब स्वभावाचा प्राणी. विळीवर भाजी चिरल्याचा आवाज कानी पडला की दोघेही मागच्या पायांवर उभे राहून शीळ घालीत. मग कोथिंबिरीचे देठ, कोबीची वरची पाने, परसातील हरळी असे काही ना काही त्यांच्या पुढ्यात पडे. मे महिना मोठ्या आनंदात गेला.

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि आम्ही शहाणपण केले. ओल्या गवताने जनावराचे पोट फुगते, हे लहानपणापासून ऐकलेले. तेव्हा हिरवा चारा अजिबात बंद करावा, असे आम्ही ठरविले. त्याऐवजी वाळलेले गवत, तांदळाचा कोंडा, भिजविलेले हरभरे आणि उन्हाळ्यातच घेऊन ठेवलेल्या पोत्यातील सशाच्या खाद्याच्या गोळ्या त्यांना मिळू लागल्या. ताटली कधी रिकामी राहिली नाही. आपण ह्या जिवांचे किती नीट करतो आहोत, असा थोडासा अभिमानही आमच्या मनात होता, हे कबूल केले पाहिजे.

तीन-चार आठवडे लोटले. तांबूस नराने शीळ घालणे सोडले. आम्ही म्हटले, आता माणसाळला. तो एका जागी बसून राहू लागला. आम्ही म्हटले, पावसाळी हवेने सुस्तावला. एके दिवशी नातीने त्याला उचलताच तो कळवळून ओरडला, तेव्हा आम्ही तिच्यावरच रागावलो. "मुक्या प्राण्याला दाबून धरू नये, एवढेही कळत नाही का?" असे बोलून गेलो. पोर काही न बोलता आत निघून गेली. त्यानंतर दोन दिवसांनी त्याचे नाक वाहू लागले, श्वास घरघरू लागला, आणि पुढचे वर सांगितलेच आहे.

पांढरी मादी राहिली होती. तीही खाईनाशी झाली, तेव्हा आमची पत्नी म्हणाली, "अहो, घरात गेल्या महिन्याच्या तापाच्या गोळ्या उरल्या आहेत, त्यांतली चिमूटभर देऊन पाहू या का?" देवाची कृपा म्हणून आम्ही ते केले नाही. टोपलीत फडके अंथरून तिला घेतले आणि सकाळच्या गाडीने शहरातील पशुवैद्यांकडे गेलो.

डॉक्टरांनी तिचे गुडघे दोन बोटांनी हलकेच चाचपले. ती ओरडली. सांधे सुजलेले होते. ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. तेथे रक्ताची बारीक रेघ होती. मग त्यांनी विचारले, "मास्तर, ही खाते काय?"

आम्ही मोठ्या उत्साहाने सारी यादी सांगितली.

"आणि हिरवे?"

"पावसामुळे बंद केले आहे."

डॉक्टर क्षणभर थांबून म्हणाले, "मग हिला झाला आहे तो स्कर्व्ही. तुमचा पहिला प्राणी न्यूमोनियाने गेला असणार. पण न्यूमोनियाला दार उघडून दिले ते ह्या उणिवेने. पोट भरलेले होते, मास्तर, तरी तो उपाशी होता."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. त्यांनी मादीला 'क' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, घरी द्यावयाचे थेंब दिले आणि उरलेल्या गोळ्यांविषयी ऐकून हात जोडले. पेनिसिलीन व त्याच्या वर्गातील औषधे गिनीपिगच्या आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश करतात आणि त्यामुळे तो दगावू शकतो, हे त्यांनी आम्हांस बजावून सांगितले. घरातली माणसाची औषधे जनावराला अंदाजाने देण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घरी आल्यावर आम्ही ह्या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे उमगले, ते साध्या शब्दांत मांडतो.

'क' जीवनसत्त्व हे बहुतेक प्राण्यांना खाण्यातून घ्यावे लागतच नाही. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कुत्रा, मांजर, उंदीर ही सारी आपल्या यकृतात साखरेपासून ते स्वतः तयार करतात. कोंबडी ते आपल्या मूत्रपिंडात तयार करते. म्हणूनच वाळका कडबा खाऊन उन्हाळा काढणाऱ्या बैलाला स्कर्व्ही होत नाही. परंतु काही थोड्या प्राण्यांत ही निर्मिती शेवटच्या पायरीवर येऊन अडते. त्या पायरीचे काम करणारे विकर त्यांच्या शरीरात तयार होत नाही. गिनीपिग हा त्यांपैकी एक. माकडांच्या बहुतेक जाती व वटवाघळांच्या कित्येक जाती ह्याच पंगतीतल्या. 1958 साली कलकत्त्याचे संशोधक रॉय आणि गुहा यांनी दाखवून दिले की, आपल्या परसात फळे टिपणारा लालबुड्या बुलबुलही ह्याच यादीत बसतो. आणि ह्या यादीतील आणखी एक प्राणी म्हणजे आपण, मनुष्य. ज्या उणिवेने आमचा गिनीपिग गेला, ती उणीव आमच्याही देहात जन्मापासून आहे. त्याच्या आणि आमच्यात अंतर एवढेच की, आम्ही स्वतः उठून लिंबू चिरू शकतो. तो खोक्यात बसून आमची वाट पाहत होता.

गिनीपिगच्या ह्याच दुबळेपणामुळे मनुष्यजातीवर मोठे उपकार झाले आहेत. पूर्वी लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या सडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे पटापट मरत. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरील वैद्याने बारा रुग्णांवर प्रयोग करून संत्री व लिंबू ह्यांचा गुण दाखवून दिला. पण त्या फळांत नेमके काय आहे, हे कोणास ठाऊक नव्हते. पुढे 1907 साली नॉर्वे देशातील अक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रॉलिक ह्या दोघांनी गिनीपिगांना नुसते धान्य व पाव खाऊ घातला. त्यांच्या मनात शोध होता दुसऱ्याच एका रोगाचा, परंतु प्राण्यांना झाला तो खलाशांचा स्कर्व्ही! ताजी कोबी किंवा लिंबाचा रस देताच तो टळे. त्यांनी उंदीर निवडले असते, तर काहीच हाती लागले नसते. कारण उंदराला ही उणीव नाही. त्यानंतर 1932 साली हंगेरीतील सेंट-ग्यॉर्गी व अमेरिकेतील चार्ल्स किंग यांच्या प्रयोगांतून ते द्रव्य कोणते, हे निश्चित झाले. तेथेही साक्षीला गिनीपिगच होते. सेंट-ग्यॉर्गी यांना 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले. गिनीपिगांना काय मिळाले, ते इतिहास सांगत नाही.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळू. हे जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे रोगाचा प्रतिकार का ढासळतो?

शरीराला घराची उपमा देऊ. घराच्या भिंतीत जसा चुना, तसे कातडीत, हिरड्यांत, रक्तवाहिन्यांत आणि नाक-घशाच्या अस्तरात कोलॅजेन नावाचे द्रव्य असते. ते पक्के होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. ते नसले की सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येते आणि जंतूंना आत शिरण्यास फटी मिळतात. ही झाली भिंतीची गोष्ट. परंतु घराला राखणदारही असतात. रक्तातील पांढऱ्या पेशी हे ते राखणदार. ह्या पेशी रक्तद्रवातील प्रमाणाच्या पन्नास ते शंभरपट 'क' जीवनसत्त्व आपल्यापाशी साठवून ठेवतात. जंतू शिरल्याची वर्दी मिळताच त्यांना धाव घ्यावी लागते, जंतूला गिळावे लागते आणि तीव्र रसायनांनी मारावे लागते. ती रसायने इतकी दाहक असतात की, राखणदारालाही त्यांपासून जपावे लागते. ते काम हे जीवनसत्त्व करते. साठा आटला म्हणजे पेशी मंदावतात, त्यांचा मारा दुबळा होतो, आणि लढाईत मेलेल्या पेशींची वेळेवर उचल न झाल्याने आसपासचा भागच नासू लागतो. मग जी सर्दी चार दिवसांत जावयाची, ती फुप्फुसात उतरते.

ही केवळ कल्पना नव्हे. 1933 साली मॅककॉन्की व स्मिथ ह्या संशोधकांनी क्षयाच्या जंतूंनी युक्त असा खकार गिनीपिगांना खाण्यातून दिला. ज्यांना 'क' जीवनसत्त्व अपुरे मिळत होते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आतड्यांत क्षयाचे व्रण झाले. ज्यांना ते पुरेसे मिळत होते, त्यांच्यात असे क्वचितच घडले. जंतू तेच, प्राणीही तोच. भेद होता तो फक्त घासाचा.

तथापि एक गोष्ट येथेच सांगून टाकली पाहिजे, नाहीतर एका अज्ञानातून आपण दुसऱ्यात पडू. उणीव भरून काढणे वेगळे आणि गरजेपेक्षा अधिक देत राहणे वेगळे. पुरेसे मिळाल्यावर आणखी ओतल्याने जनावर वज्रासारखे होत नाही. आमची हकीकत ऐकून एक शेजारीण आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मग आमच्या शेळ्यांनाही पावसात लिंबू पाजू का?" आम्ही त्यांना सांगितले की, बाई, शेळीला देवाने स्वतःचा कारखाना दिला आहे, तिला कोरडा निवारा, जंतावरचे औषध आणि वेळच्या वेळी लस द्या, तेच पुष्कळ.

ह्याला अपवाद थोडे आहेत, ते मात्र आपल्या गोठ्यात उपयोगी पडण्यासारखे आहेत. वासराच्या यकृतातील ही निर्मिती जन्मतःच पुरती सुरू झालेली नसते. पहिले दोन-तीन आठवडे ते बरेचसे आईच्या दुधावर अवलंबून असते. पहिल्या चिकात हे जीवनसत्त्व असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये असतात, जी वासराला गर्भात मिळालेली नसतात. ती पचनी पडण्याची मुदतही अवघ्या एका दिवसाची. म्हणून गाय व्याल्यावर खरवसाची आठवण होण्याआधी वासराची आठवण व्हावी. त्याचे पोट भरल्यावर जे उरेल, ते आपले. कोंबड्यांचे म्हणाल, तर कडक उन्हाळ्यात त्या धापा टाकू लागल्या की त्यांची स्वतःची निर्मिती कधीकधी अपुरी पडते. म्हणून त्या दिवसांत पाण्यातून हे जीवनसत्त्व देण्याची रीत कोंबडीपालनात आहे. सावली आणि थंड पाणी मात्र त्याआधी हवे.

गिनीपिगचा हिशेब अगदी साधा आहे. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 10 मिलिग्रॅम, आणि मादी गाभण असेल तर 30 मिलिग्रॅमपर्यंत, इतकेच त्याचे मागणे. पेरूची एक लहानशी फोड किंवा भोपळी मिरचीचा एक काप, शिवाय मूठभर ताजे गवत व कोथिंबीर, एवढ्यात ते भागते. पावसात गवत आणल्यावर फडक्याने पुसून वाऱ्यावर पसरावे, मग घालावे; बंद करू नये. आमचे दुसरे चुकले ते पोत्याच्या बाबतीत. सशाला हे जीवनसत्त्व खाद्यातून लागत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात ते बहुधा घालीतच नाहीत. जे खास गिनीपिगसाठी बनविलेले असते, त्यातलेही जीवनसत्त्व साठवणीत उडून जाते. तीन महिन्यांत साधारण निम्मे. उजेड, उष्णता आणि ओल ही तिन्ही त्याची शत्रू. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकून ठेवले तर तेही लवकरच निकामी होतात. म्हणून औषध तोंडातच द्यावे.

ह्या प्राण्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या डोंगराळ मुलखात आहे. तेथील लोक हजारो वर्षांपासून त्याला पाळतात. पाळतात ते मांसासाठी, हे खरे. पण त्याला हिरव्या चाऱ्यावर वाढवितात. त्या देशातील कुस्को शहराच्या महामंदिरात प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे एक चित्र आहे. ते 1753 साली मार्कोस सापाता ह्या स्थानिक चित्रकाराने काढले, असे सांगतात. त्यात प्रभूच्या पुढील ताटात जो प्राणी दाखविला आहे, तो गिनीपिगच असे मानले जाते. चित्रकाराने आपल्या घरचे जे उत्तम, ते प्रभूच्या पुढे ठेवले. ते वाचताना आमच्या मनात आले की, ज्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या डोंगरी बायकांनी 'जीवनसत्त्व' हा शब्दही ऐकला नव्हता, त्यांच्या घरचे प्राणी हिरव्यावाचून राहिले नाहीत. आणि आम्ही चाळीस वर्षे मुलांना शास्त्र शिकवून घरच्या प्राण्याला भरल्या ताटलीपुढे उपाशी मारले.

आमची पांढरी मादी वाचली. आठवड्याभरात ती चालू लागली आणि पंधराएक दिवसांनी विळीचा आवाज ऐकून तिने पुन्हा शीळ घातली. ती ऐकून नात धावत आली. तेव्हा आम्ही तिला जवळ बसविले आणि म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तू त्याला दाबले नव्हतेस. त्याचे सांधे दुखत होते. चूक आमची होती, आणि रागावलो मात्र तुझ्यावर."

तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "मग आता रोज हिरवे द्यायचे? रविवारीसुद्धा?"

"रविवारीसुद्धा," आम्ही म्हणालो.

वाचकहो, त्या प्रश्नाने आम्हांला एक जुनी गोष्ट नव्याने कळली. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो, ती वर्षाची नव्हे, महिन्याचीही नव्हे. त्या त्या दिवसाची. आयुष्यभर ही प्रार्थना म्हणताना आम्हांला वाटे की, हा केवळ नम्रतेचा धडा आहे. आता वाटते की, ज्याने हा देह घडविला, त्याला त्याची गरज पक्की ठाऊक होती. काही गोष्टी कणगीत भरून ठेवता येतात; काही गोष्टी शरीर फार काळ साठवीतच नाही, त्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. आणि ज्यांचे हात त्या गोष्टीपर्यंत पोहोचत नाहीत, त्या मुक्या प्राण्यांची, तान्ह्या मुलांची, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची ती रोजची भाकर आपल्या हातून जावयाची असते.

आज सकाळीही पाऊस होता. मिस्साहून परतताना पाहिले, तर आमची नात डोक्यावर पोते पांघरून कुंपणापाशी हरळी उपटीत होती. ओसरीवर तिने फडके आधीच पसरून ठेवले होते.